बटणाला गुंडाळलेली लोकर

दुपारी दोनच्या सुमाराला लेबर रूममधलं मशीन बंद पडलं, तेव्हा कुणालाच त्याचं फारसं काही वाटलं नाही. मशीनं काय, बंद पडतातच. दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगितलं, उद्या सकाळशिवाय जमणार नाही. डॉक्टर तरुण होते, रात्रपाळी करून तसेच दिवसपाळीला उभे राहिलेले. त्यांनी डोळे चोळत विचारलं, "स्टोअरमध्ये एक जुनं पडलंय ना? आजच्या दिवस तेच लावू या."

मोठ्या सिस्टरनं मान हलवली आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला.

तिला सगळे घड्याळबाई म्हणत. छातीवर पिन लावून उलटं टांगलेलं एक गोल घड्याळ तिच्याजवळ कायम असे. कुठल्याही बाळंतिणीच्या खाटेशी ती गेली की आधी तिचं मनगट धरायची आणि त्या घड्याळाकडे बघत नाडी मोजायची. मशीन लावलेलं असो, नसो, मनगट सुटत नसे. नव्या पोरी तिची नक्कल करत, "आधी मनगट, मग नाव-गाव!" ती हसून सोडून द्यायची. ही सवय तिला जन्माची नव्हती, बारा वर्षांपूर्वी लागली होती. का लागली, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

स्टोअर लांबच्या टोकाला होतं. वॉर्डातली मावशी ट्रॉली ढकलत मागून आली. दार उघडल्याबरोबर कोंडलेल्या हवेचा भपकारा आला, धूळ, जुना रबर आणि त्याखाली आणखी काहीतरी. ओल्या लोकरीसारखं.

"उंदीर मेला असेल," मावशी नाक मुरडत म्हणाली.

कोपऱ्यात चादर घातलेलं मशीन होतं. मावशीनं चादर ओढली, धूळ झटकली, वायरी सोडवल्या. मग एकदम खुदकन हसली. "बाई, हे बघा तरी! बटणाला कुणी स्वेटर घातलाय!"

घड्याळबाई पुढे आली आणि वाकून बघू लागली.

वायरीच्या टोकाला मुठीत मावेल असं एक बटण होतं. त्याची कड तडकलेली होती, म्हणून त्याला निळी लोकर गुंडाळलेली होती. घट्ट, एकसारखी, शेवटाला नीट गाठ मारलेली. विणकाम येणाऱ्या हाताचं काम.

"हे मशीन... हे तर भंगारात दिलं होतं ना?"

"मला काय ठाऊक? मी आले तेव्हापासून इथेच आहे. लोकर काढून टाकू का?"

"नको. हात लावू नकोस तिला."

मावशीनं तिच्याकडे जरा विचित्रच नजरेनं पाहिलं आणि मशीन ट्रॉलीवर चढवलं.

लेबर रूममध्ये एकच बाई होती. पहिलटकरीण, पोरसवदाच. कपडे शिवायचा तिचा धंदा होता. डाव्या हाताची तर्जनी सुया टोचून टोचून खरखरीत झाली होती. उशाशी तिची सासू बसली होती. तोंडाला उसंत नसलेली पण मनाची चांगली अशी बाई. सुनेच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपता टिपता तिचं चाललेलं होतं, "अगं, जोर साठवून ठेव. तुझ्या नवऱ्याच्या वेळेला मी पहिल्या तासातच ओरडून ओरडून घसा बसवला आणि मग ऐन वेळेला आवाजच फुटेना. डॉक्टरांना वाटलं, किती सोशिक बाई आहे!"

सून हसली. मग कळ आली आणि हसू ओठांवरच विरलं.

घड्याळबाईनं मशीन लावलं. पोटावर दोन पट्टे. एका पट्ट्याखालची चकती बाळाच्या हृदयाचे ठोके पकडते, दुसरी कळ किती जोरात आली ते मोजते. मशीनमधून कागदाची लांब पट्टी सरकत बाहेर येते. तिच्यावर वरची रेघ ठोक्यांची, खालची कळांची. आणि बटण असतं ते बाईच्या हातात देण्यासाठी. बाळ हललं की तिनं दाबायचं. मशीन टिक् करतं आणि पट्टीवर बाणाएवढी खूण उमटते.

ते बटण मात्र घड्याळबाईनं सुनेच्या हातात दिलं नाही. मशीनच्या बाजूच्या हुकाला टांगून ठेवलं.

मशीन सुरू झालं. धडधड, धडधड, धडधड.

"अगंबाई, माझ्या शिलाई मशीनसारखंच चाललंय की," सून म्हणाली.

"मग? शिंप्याचंच लेकरू ते," सासूबाई म्हणाल्या.

आकडा एकशे तीसच्या आसपास होता. डॉक्टर येऊन पट्टीवरून बोट फिरवून गेले. "झकास आहे. कळा जरा ढिल्या वाटतायत, ड्रिप थोडी वाढवा. मी ओपीडीत आहे."

घड्याळबाईनं सवयीनं मनगट धरलं. एका हातात मनगट, डोळे घड्याळावर. ब्याण्णव. मशीनवर एकशे चौतीस. म्हणजे मशीन आईची नाडी पकडत नव्हतं. तिच्या जिवात जीव आला. तिनं ड्रिपचे थेंब वाढवले.

दुपार तापली होती. खिडक्यांच्या दुधी काचांमधून पांढरट, आंधळा उजेड आत येत होता, त्यात सावल्या पडत नव्हत्या. पंख्याचं एक पातं प्रत्येक फेरीला कण्हत होतं. बाहेरच्या पॅसेजमध्येही कुणाची चाहूल नव्हती. पट्टी सरकत होती आणि जमिनीवर तिच्या घड्या पडत होत्या.

चौथ्या की पाचव्या कळेला घड्याळबाईच्या ते लक्षात आलं.

कळ चढायला लागली की वरची रेघही चढत होती. एकशे तीस, चाळीस, पंचावन्न. कळ ओसरली की रेघ तितक्याच सावकाश खाली. पुन्हा कळ, पुन्हा तीच टेकडी. प्रत्येक वेळी, एकसारखी.

नवख्या माणसाला ही रेघ सुंदर वाटली असती. बाळाचे ठोके कधीमधी वाढतात, ते चांगलंच लक्षण असतं. पण कळ बाळाला आवळते. त्या वेळी त्याचे ठोके जागच्या जागी राहतात, नाहीतर थोडे खाली जाऊन वर येतात. दर कळेला न चुकता अशी टेकडी बाळ चढत नाही. कळेबरोबर जिचा ऊर धपापतो, ती आई.

हे आईचं हृदय होतं. आणि आईचं मनगट तर तिच्या हातात होतं. कळ भरात असताना त्यात एकशे चार ठोके होते. मशीन एकशे छप्पन्न दाखवत होतं.

"सिस्टर," सून पुटपुटली, "एक विचारू? बाळ... दुपारपासून हललं नाहीये हो. सकाळी लाथा मारत होतं."

"अगं, बाहेर यायच्या वेळेला होतात बाळं शांत," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा हात सुनेच्या कपाळावर थांबला होता.

घड्याळबाईनं पट्टी उचलली. तिच्यावर तीन खुणा होत्या.

तीन बाण. पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये वीतभर अंतर. दुसरा आणि तिसरा अगदी चिकटून, घाईघाईनं दाबल्यासारखे.

बटण हुकालाच टांगलेलं होतं.

खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून ती उभी राहिली. त्या तीन खुणा तिला पाठ होत्या. त्या तिच्याच होत्या.

बारा वर्षांपूर्वीची ती दुपार अशीच होती. हेच मशीन तेव्हा रोजच्या वापरात होतं आणि ती स्वतः नोकरीला नवी. खाटेवर एक विणकाम करणारी बाई होती. दोन कळांच्या मध्येसुद्धा सुया चालवायची, इवलासा निळा मोजा. बटणाची कड हाताला बोचते म्हणून तिनंच आपल्या गुंड्यातली लोकर त्याला गुंडाळली होती. मशीनवरची रेघ सुरेख दिसत होती. पण बाई म्हणत होती, बाळ हलत नाही, सिस्टर. मी बटण दाबत नाही, कारण ते हलतच नाही. आणि घड्याळबाई हसून म्हणाली होती, ठोके बघा की किती छान आहेत. पट्टीवर एकही खूण नाही म्हणून मोठे डॉक्टर आपल्याला बोलतील, या भीतीनं, बाई कळेत डोळे मिटून असताना, तिनं बटण हळूच आपल्या हातात घेतलं आणि दाबलं. एकदा. थोड्या वेळानं दुसऱ्यांदा. मग पॅसेजमध्ये डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला, तेव्हा घाईत तिसऱ्यांदा.

ते ठोके बाळाचे नव्हतेच. मशीन आईची नाडी पकडून बसलं होतं आणि मनगट धरून बघायचं कुणाला सुचलं नाही. आत बाळाला पोसणारी वार सुटत होती, रक्त आतल्या आत साचत होतं. बाळ निपचित बाहेर आलं. दिवेलागणीपर्यंत आईही गेली. अर्धा मोजा खाटेखाली सापडला.

पट्टीवर तीन खुणा होत्या, म्हणून कुणी कुणाला दोष दिला नाही. बाळ शेवटपर्यंत हलत होतं, असं कागदावर लिहिलं गेलं.

"सिस्टर? काय झालं?" सासूबाईंचा आवाज घाबरा झाला होता.

"काही नाही. थांबा."

भिंतीवरच्या कपाटातून तिनं लाकडी नळी काढली. एका टोकाला कर्ण्यासारखी पसरट, दुसऱ्या टोकाला कान लावायला चपटी. आता ती कुणी वापरत नाही. तिनं ती सुनेच्या पोटावर टेकवली आणि कान लावला. वाकताना ओल्या लोकरीचा वास नाकात शिरला, इतका जवळून, की कुणीतरी शेजारीच वाकलं असावं. तिनं वळून बघितलं नाही.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मशीनची धडधड सगळी खोली भरून होती. तिनं मशीनचा आवाज बारीक केला, पुन्हा कान लावला.

मग खोल आतून, लांबून कुणी दार ठोठावावं तसा तो आला. बारीक, मऊ आवाज. कळ अजून यायची होती. घड्याळाच्या पाच सेकंदांत बारा ठोके. पुन्हा बारा. ठीक. मग कळ आली, चढली, ओसरायला लागली. आणि ओसरता ओसरता ठोके विरळ झाले. दहा. आठ. सात. सहा. सहा...

कळ गेली तरी ते परत येईनात. घड्याळबाईनं श्वास रोखून धरला होता. सहा. सात. आठ. पुरतं मिनिट गेलं, तेव्हा कुठे पुन्हा बारा झाले. तिनं पोटावर हात ठेवला. कळ गेल्यावर पोट सैल पडायला हवं. ते लाकडासारखं कडकच होतं.

तिनं आधी ड्रिप बंद केली. सुनेला डाव्या कुशीवर वळवलं, तोंडाला ऑक्सिजन लावला आणि मावशीला दारातूनच हाक मारली, "डॉक्टरांना बोलाव. धावत जा!"

डॉक्टर आले. आल्या आल्या पट्टी उचलून उजेडात धरली.

"सिस्टर, ही पट्टी तर शाळेत शिकवायला ठेवावी अशी आहे. ड्रिप का बंद केलीत?"

"ठोके पडतायत, डॉक्टर. कळ गेल्यावर. बहात्तरपर्यंत जातायत."

"कुठे?" त्यांनी बोटानं रेघ दाखवली. "एकशे तीसच्या खाली एकदाही गेलेली नाही."

"मशीनवर नाही. मी नळीनं ऐकलं."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. ते वाईट नव्हते, थकलेले होते. तिला जरा बाजूला घेऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "नळीतून सत्तर-ऐंशी ठोके ऐकू येतात, म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायचं? आईच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी ऐकताय तुम्ही. आईचीच नाडी आहे ती. अहो, घड्याळबाई म्हणतात तुम्हाला आणि तुम्हीच अशी चूक करणार?"

ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी झाली होती तीच चूक. बरोबर उलट्या बाजूनं.

क्षणभर तिला वाटलं, खरंच तसं असेल तर? चांगल्या रेघेवर विश्वास ठेवून गप्प बसावं. कागद आपल्या बाजूनं आहे. पट्टीवर खुणासुद्धा आहेत...

टिक्.

मशीनमधून आवाज आला. दोघांनी वळून पाहिलं. पट्टीवर चौथी खूण उमटली होती. बटण हुकावर किंचित हलत होतं, नुकतंच कुणी सोडल्यासारखं.

"वायर सैल असेल," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता.

घड्याळबाई डॉक्टरांकडे वळली. बारा वर्षांत जे नवऱ्याजवळही बोलली नव्हती, ते तिनं तिथे, दहा वर्षांनी लहान असलेल्या त्या मुलासमोर, दोन वाक्यांत सांगितलं. "डॉक्टर, याच मशीनवर माझ्या हातून एक बाळ आणि एक आई गेली. पट्टी चांगली होती आणि तिच्यावर खोट्या खुणा मी दाबल्या होत्या. मला नोकरीवरून काढा, काय हवं ते करा. पण आत्ता या पोरीचं मनगट धरा. धरा!"

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग खाटेशी गेले आणि सुनेचं मनगट हातात घेतलं.

"मी नळीला कान लावते. जसा ठोका ऐकू येईल तशी या दांड्यावर बोटानं टकटक करते. तुम्ही नाडीच्या प्रत्येक ठोक्याला दुसऱ्या हातानं उशीवर टकटक करा. कळ जाऊ दे."

कळ आली. सून दात आवळून कण्हली. सासूबाईंनी तिचा दुसरा हात दोन्ही हातांत घेतला. कळ ओसरली.

टक... टक... टक... घड्याळबाईचं बोट दांड्यावर पडत होतं. सावकाश, जड.

डॉक्टरांचं बोट उशीच्या कडेवर, त्याहून भरभर. दोन्ही बोटं जुळत नव्हती. एकदा अगदी जवळ यायची, मग पुन्हा फाकायची. एक आईचं. एक बाळाचं, आणि ते मागे पडत चाललेलं.

आणि त्या दोघांच्या वर, मशीनमधून, बारीक केलेल्या आवाजातही स्पष्ट, धडधड, धडधड, धडधड. तिसरं. दोघांपेक्षाही जलद.

डॉक्टरांचं बोट थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"सोनोग्राफीत जुळं...?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकच बाळ आहे. मी रिपोर्ट वाचलाय."

"मग हे..." त्यांनी मशीनकडे बघितलं, "हे कुणाचं आहे?"

घड्याळबाईनं नळी पुन्हा पोटावर टेकवली. सुनेनं ऑक्सिजनच्या मास्कमधून विचारलं, "माझं बाळ... आहे ना?"

"आहे," घड्याळबाई म्हणाली. "मी ऐकतेय त्याला. दमलंय फक्त. आपण त्याला बाहेर काढू."

डॉक्टरांनी तपासताना पाणमोट फोडली. पाणी हिरवट आणि रक्ताळलेलं आलं. त्यानंतर कुणीच वाद घातला नाही. "थिएटर तयार करा. आत्ताच्या आत्ता." सासूबाईंनी बाहेर जाऊन आपल्या मुलाला, सुनेच्या नवऱ्याला, दंडाला धरून आणलं. ऑपरेशनच्या कागदावर सहीच्या जागी पेन टेकवून तो थबकला. त्या त्याला म्हणाल्या, "नाव लिही नुसतं, अक्षर कुणी बघत नाहीये!" आणि स्वतःच रडायला लागल्या.

मावशीनं पट्टे सोडवले. घड्याळबाईनं स्वतः मशीन बंद केलं, प्लग उपसून जमिनीवर टाकला आणि ट्रॉलीबरोबर धावली.

पॅसेजमधून जाताना एकच विचार तिच्या डोक्यात घोळत होता. ती बाई आपली सुरेख रेघ दाखवून आज पुन्हा सगळ्यांना फसवायला आली होती का, आपल्याबरोबर आणखी एक जोडी न्यायला? की माझ्याच खुणा माझ्यापुढे टाकून मला जागं करत होती? दोन्ही खरं असू शकतं, असं तिला वाटलं, आणि ती शहारली.

बाळ बाहेर आलं तेव्हा ते निळसर होतं, मऊ पडलेलं. मुलगी. घड्याळबाईनं तिला कोरडं केलं, नाक-तोंड साफ केलं, पाठ चोळली. थिएटरमधलं घड्याळ चालत होतं. दहा सेकंद. वीस. फुग्यानं हवा दिली. "ये गं, ये बाळा, ये..." चाळीसाव्या सेकंदाला पोरीनं तोंड वाकडं केलं आणि रागावल्यासारखा एक किरटा टाहो फोडला.

भूल दिलेली सून ऐकू शकत नव्हती. बाहेर बसलेल्या सासूबाईंनी मात्र तो ऐकला असावा, कारण दारापलीकडून त्यांचा आवाज आला, "घसा आजीवर गेलाय!"

टाके घालता घालता डॉक्टर म्हणाले, "वार एका बाजूनं सुटली होती. मागे मुठीएवढी रक्ताची गाठ. आणखी पंधरा मिनिटं आपण त्या पट्टीवर विसंबलो असतो तर..." त्यांनी पुढचा टाका घेतला. मग मान वर न करता म्हणाले, "तुम्ही मघाशी जे सांगितलंत ना, सिस्टर. ते लिहून द्यावं लागेल तुम्हाला."

"हो. देणार आहे."

"आणि ती पट्टी आणा. फाइलला लावू. मला ती पुन्हा नीट बघायचीय."

आई आणि बाळाचं सगळं मार्गी लावून ती लेबर रूमकडे परत निघाली, तेव्हा दिवेलागण झाली होती. पॅसेजमधले दिवे अजून कुणी लावले नव्हते. मघाचा पांढरट उजेड आता राखेसारखा झाला होता. दार उघडंच होतं. मावशीनं खाटेवरची चादर काढून नेली होती, नुसता रबरी कपडा राहिला होता. पंखा बंद होता. मशीन खाटेशेजारी काळं, गप्प उभं होतं. प्लग तिनं टाकला होता तिथेच, जमिनीवर पडलेला.

तिनं पट्टी गोळा करायला घेतली. पहिले हात-दोन हात ओळखीचे होते, त्या टेकड्या, त्या तीन खुणा, ती चौथी. मग जिथे तिनं मशीन बंद केलं होतं, तिथे वरची रेघ संपली. कळांची रेघही संपली.

पट्टी मात्र संपली नव्हती. ती पुढे हातभर, दोन हात, जमिनीवर घडीवर घडी पडत खाटेखाली गेली होती. त्या सगळ्या लांबीवर ठोके नव्हते, कळा नव्हत्या. नुसत्या खुणा. एक बाण, मग थोडी जागा, मग दोन, मग एक. कुणीतरी मन लावून, एकही हालचाल न चुकवता दाबलेल्या.

घड्याळबाईनं हुकाकडे हात नेला. बटण तिथे नव्हतं. वायर खाटेवर ओढून नेली होती आणि बटण रबरी कपड्याच्या मधोमध पडलं होतं. तिनं बोटानं निळ्या लोकरीला स्पर्श केला. लोकर दमट होती आणि कोमट. तासन्‌तास मुठीत धरल्यासारखी.

पळून जावं असं तिला वाटलं. पायही वळले. मग ती थांबली. खिशातून तिनं वहीचा कागद आणि पेन काढलं, छातीवरचं घड्याळ उजेडाकडे वळवलं.

"सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येईना. "सांगा बाई. या वेळी मी... खरं तेच लिहिते."

खोलीत काही हललं नाही. तिनं डावा हात रिकाम्या खाटेवर टेकवला, जिथे बाईचं पोट असतं त्या जागी.

आधी तिच्या तळहाताखाली, आतून, काहीतरी हलकेच सरकलं. टाचेएवढं.

मग बटण वाजलं.